जागल्या ते रेकॉर्डर : यावल परिसरातील घरराखणीच्या संदर्भात अल्पखर्ची सीसीटीव्ही नोंदयंत्राचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

घराची राखण हा मानवी वस्तीइतकाच जुना विषय आहे. तथापि राखणीच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा तटबंदी, वेस, कुलूप, शस्त्र किंवा अलीकडच्या काळात कॅमेरा या साधनांकडे जाते. राखण करणाऱ्याने जे पाहिले त्याची नोंद कोठे राहते, ती कोणाच्या ताब्यात असते आणि त्या नोंदीबद्दल उत्तर देण्याची जबाबदारी कोणावर असते, हे प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिले आहेत. २०१२ नंतर तळहाताएवढे सिंगल बोर्ड संगणक सामान्य माणसाच्या आवाक्यात आले आणि त्यांच्या साहाय्याने घरगुती सीसीटीव्ही रेकॉर्डर स्वतः तयार करणे शक्य झाले. या घडामोडीकडे केवळ तंत्रज्ञानाचा एक स्वस्त प्रयोग म्हणून न पाहता राखणीच्या दीर्घ इतिहासातील एक टप्पा म्हणून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. त्यासाठी जळगाव जिल्ह्यातील यावल व सभोवतालचा खानदेश हा परिसर आधारभूत धरला आहे. कॅमेऱ्याने माणसाच्या डोळ्याची जागा घेतली हे सर्वमान्य आहे. परंतु जागल्याजवळ जी उत्तरदायित्वाची बाजू होती ती जागा कोणी घेतली, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न होय.

१. जागल्याची राखण

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले यावल हे जुने ठाणे आहे. १७८८ च्या सुमारास शिंद्यांकडून ते निंबाळकरांकडे आले. १८२१ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले, १८३७ मध्ये शिंद्यांना परत मिळाले आणि १८४३ मध्ये पुन्हा इंग्रजी अमलाखाली आले. अर्ध्या शतकाच्या आसपास सत्तेचे इतके फेरफार झाले, तरी गावाच्या रोजच्या राखणीचा भार मुख्यतः गावानेच वाहिला. किल्ल्यातील शिबंदी सत्तेचे रक्षण करी. घरे, खळी व गुरे यांचे रक्षण गावचा जागल्या करी.

खानदेशात जागल्याचे काम बहुधा भिल्ल समाजातील व्यक्तीकडे असे. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या गावनोकराची दखल घेतलेली आहे, तर त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात गावनोकरांच्या एकूण व्यवस्थेचे चिकित्सक वर्णन आढळते. परंतु राखणदाराच्या कर्तव्यांचे नेमके स्वरूप समजण्यासाठी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये सादर केलेला अहवाल विशेष उपयुक्त आहे. त्यानुसार रात्री पहारा करणे, गावात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवणे आणि गावातील प्रत्येकाची चालचलणूक माहीत असणे ही राखणदाराची कामे होती. चोरी झाल्यास चोराचा शोध लावणे हेही त्याचेच काम होते. पावलांचा माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दिला, की त्याची जबाबदारी संपत असे आणि पुढचा माग काढणे त्या दुसऱ्या गावाच्या राखणदाराकडे जाई. माग लागला नाही तर चोरीस गेलेल्या मालाची भरपाई राखणदाराला ऐपतीप्रमाणे करावी लागे व उरलेला भार गावावर पडे.

या व्यवस्थेत तीन गोष्टी एकत्र होत्या : पाहणे, लक्षात ठेवणे आणि उत्तर देणे. जागल्याची नोंद कागदावर नव्हती; ती त्याच्या स्मरणात व वाणीत होती. पण ती नोंद सांगणारा माणूस गावासमोर उभा असे, त्याला उलट प्रश्न विचारता येत आणि चुकीची झळ त्याला स्वतःला लागत असे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर नोंद आणि साक्षीदार एकाच ठिकाणी होते.

अर्थात या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. राखण करणारा समाज गावाच्या उतरंडीत तळाशी होता आणि राखणीचा मोबदला अल्प होता. शिवाय १८१८ नंतरच्या इंग्रजी कागदपत्रांत भिल्लांचा उल्लेख वारंवार लुटारू म्हणूनच येतो. १८२५ मध्ये जेम्स आउटराम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. ज्यांच्याकडे संशयाने पाहिले जात होते त्यांनाच बंदोबस्ताच्या कामी लावण्याचे हे धोरण होते. ज्याच्यावर संशय त्याच्याच हाती राखण, हा विरोधाभास खानदेशच्या इतिहासात स्पष्टपणे दिसतो.

२. व्यवस्था मोडली, गरज उरली

१८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने गावच्या पोलिसी कामाला कायद्याची चौकट मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्यानुसार पोलीस पाटील हे नेमणुकीचे पद झाले. वंशपरंपरेने लादलेली सेवा संपली, ही सामाजिक न्यायाच्या दृष्टीने आवश्यक व स्वागतार्ह गोष्ट होती. मात्र रात्री गावात कोण आले व कोण गेले हे पाहणारा ठरावीक माणूस त्याबरोबरच नाहीसा झाला.

दरम्यान राखण करावयाच्या वस्तूही बदलल्या. धाब्याच्या घरातील धान्याच्या कणगीऐवजी पक्क्या घरातील रोकड, दागिने व दुचाकी, आणि खळ्यातील सुगीऐवजी विहिरीवरील विद्युत पंप व तांब्याची केबल यांची चिंता वाढली. यावल-रावेर पट्ट्यात केळी हे प्रमुख पीक असून जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या पट्ट्यात उभ्या बागेतील खोडे रात्रीतून कापून टाकण्याचे प्रकार आणि केबलचोरी यांच्या बातम्या वृत्तपत्रांतून वारंवार येतात. दहा-अकरा महिन्यांचे कष्ट एका रात्रीत आडवे झाले आणि ‘कोणी केले’ याचे उत्तर मिळाले नाही, की गावात संशयाचे वातावरण पसरते. अशा वेळी शेतकऱ्याचे नुकसान जितके आर्थिक असते तितकेच ते परस्परविश्वासाचेही असते. नोंदीची गरज नेमकी येथे उत्पन्न होते.

३. पाहणारे यंत्र आणि लक्षात ठेवणारे यंत्र

दूरचित्रवाणीचा उपयोग पहाऱ्यासाठी करण्याचे आरंभीचे उदाहरण म्हणून १९४२ मधील जर्मनीतील पेनेम्युंडे येथील यंत्रणेचा उल्लेख केला जातो. व्ही-२ अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी वाल्टर ब्रुख या अभियंत्याने ती उभारली होती. पण ते चित्र साठवून ठेवण्याचे व्यवहार्य साधन त्या काळी नव्हते. चुंबकीय फितीवर दूरचित्रवाणीचे चित्र मुद्रित करणारे पहिले यशस्वी व्यापारी यंत्र अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये सादर केले. ते आकाराने व किमतीने घरात येण्यासारखे नव्हते.

घराच्या सुरक्षेसाठी कॅमेऱ्याची कल्पना मांडण्याचा मान एका परिचारिकेकडे जातो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन यांनी पती अल्बर्ट ब्राऊन यांच्यासह १ ऑगस्ट १९६६ रोजी दूरचित्रवाणीवर आधारित गृहसुरक्षा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला व २ डिसेंबर १९६९ रोजी ते मंजूर झाले. दारातील वेगवेगळ्या उंचीच्या छिद्रांसमोर सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, बाहेरच्या व्यक्तीशी बोलण्याची सोय आणि दूरून दार उघडण्याची कळ असे तिचे स्वरूप होते. या कल्पनेचा भर दाराबाहेर कोण आहे हे त्याच क्षणी पाहण्यावर होता.

१९७६ मध्ये व्हीएचएस कॅसेट बाजारात आली आणि चित्र साठविणे सुलभ झाले. बँका व मोठ्या दुकानांत तासन् तास चालणाऱ्या कॅसेटवर पहारा नोंदविला जाऊ लागला. याच काळात कॅमेऱ्याच्या अंतरंगातही बदल घडत होता. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या प्रकाशसंवेदी चकतीची कल्पना मांडली. त्यासाठी २००९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. १९९० च्या दशकात विकसित झालेल्या सीमॉस संवेदकाने कॅमेरा अधिक लहान व स्वस्त केला. २००३ मध्ये निश्चित झालेल्या एच.२६४ या संक्षेपण-मानकामुळे तेच चित्र कमी जागेत मावू लागले. कॅसेटची जागा हार्ड डिस्कने घेतली आणि आज सर्वपरिचित असलेला डीव्हीआर घरोघरी पोहोचला.

४. सिंगल बोर्ड संगणक आणि घरगुती रेकॉर्डर

या इतिहासातील एक दुवा केंब्रिज शहरात सापडतो. तेथील विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला; भांड्यात कॉफी शिल्लक आहे की नाही हे आपल्या टेबलावरून कळावे एवढाच हेतू होता. चित्र पकडण्याचे काम एकॉर्न कंपनीचा आर्किमिडीज संगणक करीत असे. १९९३ मध्ये हे चित्र वेबवर आले आणि जगातील पहिला वेबकॅम म्हणून प्रसिद्ध झाले. २२ ऑगस्ट २००१ रोजी तो बंद करण्यात आला. आर्किमिडीजमधील एआरएम प्रक्रियक एकॉर्नने केंब्रिजमध्येच घडविला होता. त्याच घराण्यातील प्रक्रियक असलेला ‘रास्पबेरी पाय’ हा संगणक केंब्रिजमधील संस्थेने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आणला. मुलांना संगणक-कार्यक्रम लिहिणे शिकविता यावे हा त्यामागील मूळ उद्देश होता. त्याची किंमत ३५ डॉलर, म्हणजे तत्कालीन दराने सुमारे सतराशे रुपये होती. कर व वाहतूक वेगळी. मे २०१३ मध्ये त्याचा पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा आला आणि शिकण्यासाठी बनविलेला हा संगणक जगभरातील हौशी मंडळींनी पहाऱ्याला बसविला.

यासाठी लागणारी संगणक-प्रणाली नव्याने लिहिण्याची आवश्यकता नव्हती. लिनक्सवर चालणारी ‘मोशन’ ही मुक्त प्रणाली २००० च्या सुमारासच तयार झाली होती. ‘झोनमाइंडर’ ही तिच्यानंतर काही वर्षांतच आली. पुढे ‘मोशनआय’ने ‘मोशन’ला सोपा दर्शनी भाग दिला. ‘मोशन’ची कार्यपद्धती समजण्यास कठीण नाही. कॅमेऱ्याकडून एकामागून एक येणाऱ्या चौकटी ती परस्परांशी ताडून पाहते. किती बिंदू बदलले हे मोजते. ही संख्या ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेली की हालचाल झाली असे मानून मुद्रण सुरू करते. आधीच्या काही चौकटी स्मृतीत धरून ठेवलेल्या असल्याने हालचालीच्या किंचित आधीचे चित्रही नोंदीत येते. झाडाची फांदी सतत हलत असेल तर चित्राचा तेवढा भाग झाकून गणनेतून वगळता येतो. अंगणात केळीची पाने सळसळत असतील तर ही सोय अनिवार्यच ठरते, अन्यथा वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेची नोंद होत राहते.

यंत्राची जुळणीही मर्यादित साहित्यात होते : संगणकाची पट्टी, तिच्यासाठी योग्य क्षमतेचा वीजपुरवठा, प्रणाली ठेवण्यासाठी मेमरी कार्ड, चित्रे साठविण्यासाठी हार्ड डिस्क आणि पट्टीला जोडलेला किंवा घरातील नेटवर्कवरून चित्र पाठविणारा कॅमेरा. सतत लिहिण्याने मेमरी कार्ड लवकर झिजते, म्हणून चित्रे त्यावर न साठविता हार्ड डिस्कवर साठविणे हितावह ठरते.

५. स्वस्ताईचा हिशेब

अशा रेकॉर्डरला ‘अल्पखर्ची’ म्हणण्यापूर्वी हिशेब तपासून पाहिला पाहिजे. एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला २ मेगाबिट या गतीने साठविले तर दिवसाला २१.६ गीगाबाइट जागा लागते. चार कॅमेऱ्यांना ८६.४ गीगाबाइट लागते आणि एक टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. केवळ हालचालीच्या वेळी मुद्रण केले तर हीच डिस्क कित्येक पट अधिक दिवस पुरते. भरल्यावर सर्वांत जुनी नोंद पुसून नवी लिहिण्याची व्यवस्था करावी लागते. विजेचा विचार करता अशी पट्टी सुमारे पाच वॅट शक्ती घेते असे धरले तर महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास वीज लागते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते. रूपांतरातील घट व बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचे पथ्य पाळून रात्रीचे आठ-दहा तास ती पट्टी चालवू शकते.

मात्र खरेदीच्या किमतीत हे यंत्र नेहमीच स्वस्त पडते असे नाही. चार कॅमेऱ्यांचा तयार डीव्हीआर संच मोठ्या उत्पादनामुळे इतका उतरला, की सर्व भाग नवे विकत घेऊन केलेली जुळणी त्याच्यापेक्षा महागही ठरू शकते. २०२१ ते २०२३ या काळात सुट्या भागांच्या जागतिक टंचाईमुळे रास्पबेरी पाय मूळ किमतीत मिळणेच दुरापास्त झाले होते. घरात जुनी हार्ड डिस्क किंवा वापरात नसलेला वेबकॅम असेल तरच बचत ठळक दिसते. तेव्हा या यंत्राचे महत्त्व अन्यत्र शोधावे लागते.

त्याचा संकेत २०१६ च्या घटनांतून मिळतो. त्या वर्षी ‘मिराई’ या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य डीव्हीआर व कॅमेरे ताब्यात घेतले. कारखान्यातून येतानाचे नाव व संकेतशब्द मालकांनी बदललेले नव्हते, काही उपकरणांत तर ते बदलण्याची धड सोयही नव्हती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी याच उपकरणांच्या साहाय्याने ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला झाला व अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. राखणीसाठी घरात बसविलेले यंत्र मालकाच्या नकळत दुसऱ्याच्या कामी लागले होते. दुसरीकडे, ज्या कॅमेऱ्यांची चित्रे कंपनीच्या दूरस्थ संगणकावर जातात तेथे नोंद मालकाच्या घरात नसतेच. तिच्यासाठी मासिक शुल्क द्यावे लागते. स्वतः जुळविलेल्या रेकॉर्डरमध्ये नोंद कोठे आहे, किती दिवस राहते, कोण पाहू शकतो व कधी पुसली जाते हे घरमालकाला माहीत असते. संकेतशब्द न बदलण्याची चूक त्याच्याही हातून होऊ शकते. मात्र त्या चुकीचे उत्तर द्यावयास तो स्वतः जागेवर असतो. जागल्यानंतर विस्कटलेली पाहणे, लक्षात ठेवणे व उत्तर देणे ही साखळी येथे पुन्हा जुळण्याची शक्यता निर्माण होते.

६. घड्याळाचा प्रश्न

ही शक्यता प्रत्यक्षात येण्याच्या मार्गात एक लहानशी पण निर्णायक अडचण आहे. रास्पबेरी पायच्या २०१२ पासूनच्या प्रमुख मालिकेतील पट्ट्यांवर वीज गेल्यावरही चालू राहणारे घड्याळ नव्हते. २०२३ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत ते प्रथम आले, तरी त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. जुनी पट्टी वीज आल्यावर इंटरनेटवरून वेळ विचारून घेते. इंटरनेट नसेल तर ती बंद पडण्यापूर्वी जतन केलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागते. म्हणजे रात्री एक वाजता वीज गेली व तीन वाजता आली, तर तीनची घटना एकच्या वेळेने नोंदली जाण्याचा संभव असतो.

महानगरात ही बाब किरकोळ वाटेल. यावल परिसरात मे-जूनच्या वादळात केळीबागांबरोबर विजेचे खांबही आडवे होतात आणि शेतीच्या वाहिन्यांवर वीज ठरावीक तासच मिळते. तेथे हा प्रश्न नोंदीच्या विश्वासार्हतेचाच होतो. चोराने प्रथम वीज तोडली तर नोंदही थांबते व घड्याळही. घड्याळाचे मोड्यूल आणि एक लहान बॅटरी ही या यंत्रातील सर्वांत स्वस्त, परंतु सर्वांत आवश्यक भर होय.

७. न्यायालयासमोर नोंद

चित्र असणे आणि ते पुरावा ठरणे यांत अंतर आहे, हे महाराष्ट्रातील दोन प्रकरणांवरून स्पष्ट होते. दोन्ही प्रकरणे निवडणुकीची असली तरी चित्रमुद्रित पुराव्याविषयीचा त्यांतील विचार घरगुती नोंदीलाही लागू पडतो. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर मतदारसंघाच्या निवडणुकीसंबंधीच्या तुकाराम दिघोळे विरुद्ध माणिकराव कोकाटे या प्रकरणात व्हीएचएस कॅसेट दाखल झाली होती. ती मूळ भाषणाचे खरे मुद्रण आहे हे सिद्ध करणारा पुरावा न आल्याने सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती विचारात घेण्यास नकार दिला.

दुसरे प्रकरण जालन्याचे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी विजयी झाले. खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर स्वीकारला गेला, असा आक्षेप होता आणि त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा आधार घेतला गेला. वाद अखेर घड्याळाचाच होता. चित्रीकरणासोबत भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसारचे प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवताना इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सांगितले. मात्र ज्या उपकरणावर मूळ नोंद आहे ते उपकरणच मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले तर प्रमाणपत्राची आवश्यकता नाही, असेही या निकालात स्पष्ट केले होते.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ ने प्रमाणपत्राचा दोन भागांचा नमुना दिला आहे. पहिला भाग नोंद सादर करणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. त्यात नोंदीचे ‘हॅश मूल्य’ नमूद करावे लागते. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण. फाइलमधील एक बिंदू बदलला तरी ही खूण बदलते. लिनक्सवर चालणाऱ्या रेकॉर्डरवर प्रत्येक चित्रफितीचे हॅश मूल्य तयार होताच आपोआप लिहून ठेवता येते. त्यासाठी वेगळा खर्च नाही. घटना घडल्यावर चित्रफीत केवळ मोबाईलवरून इतरांना पाठविली तर ती वाटेत संक्षेपित होते व तिचे हॅश मूल्य मूळ फितीशी जुळत नाही. म्हणून मूळ फीत जेथे आहे तेथेच जपणे हे पहिले कर्तव्य ठरते.

जुन्या काळी माग शिवेपर्यंत नेऊन दुसऱ्या गावाच्या हवाली करण्याची रीत होती. नोंद अखंडित हवाली करणे हे त्या रीतीचे तत्त्व होते. आजचे हॅश मूल्य व प्रमाणपत्र त्याच तत्त्वाचे आधुनिक रूप होय.

८. पाहणारा आणि पाहिला जाणारा

राखणीच्या इतिहासात एक सामाजिक उलथापालथ झालेली दिसते. जागल्याच्या व्यवस्थेत पाहणारा माणूस बहुधा भूमिहीन व पाहिले जाणारे घर सधनाचे असे. कॅमेऱ्याच्या व्यवस्थेत पाहणारा डोळा सधनाच्या भिंतीवर असतो आणि चित्रात येतो तो रस्त्याने जाणारा, घरकाम करणारी बाई किंवा पहाटे केळीच्या घडांची वाहतूक करण्यास निघालेला मजूर. जागल्याला गावातील प्रत्येक व्यक्ती ओळखीची होती. यंत्राला केवळ हालचाल कळते. संशय मात्र पाहणाऱ्याच्या मनात पूर्वीप्रमाणेच उत्पन्न होतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे पुट्टस्वामी प्रकरणात सांगितले. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-ई नुसार व्यक्तीच्या खाजगी अंगांचे संमतीविना चित्रण हा गुन्हा आहे. कोलकात्यातील एका सामायिक घराच्या वादात, सहनिवासींच्या संमतीविना राहत्या भागात लावलेले कॅमेरे चालविता येणार नाहीत, असा उच्च न्यायालयाचा निर्णय झाला व २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. खानदेशातील भावकीच्या वाड्यांत एकच चौक व एकच ओटा अनेक कुटुंबे वापरतात. तेथे हा निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीविषयीच्या २०२३ च्या कायद्याने व्यक्तीच्या घरगुती वापराला आपल्या कक्षेबाहेर ठेवले असले तरी शेजाऱ्याच्या अंगणात डोकावण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ‘मोशन’मधील ज्या सोयीने केळीची पाने गणनेतून वगळता येतात, तशाच दुसऱ्या सोयीने शेजाऱ्याची खिडकी मुद्रित चित्रातूनच काळी करून टाकता येते. ती वापरावी की नाही हा तंत्राचा नव्हे, शेजारधर्माचा प्रश्न आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

एक, खानदेशातील पारंपरिक राखणीत पाहणे, लक्षात ठेवणे व उत्तर देणे या क्रिया एका व्यक्तीत एकवटलेल्या होत्या. ती व्यवस्था विषमतेवर आधारलेली असल्याने तिचा अंत योग्यच होता. परंतु तिच्यातील उत्तरदायित्वाची जागा बराच काळ रिकामी राहिली.

दोन, विसाव्या शतकातील तंत्रज्ञानाने प्रथम पाहणे व नंतर साठविणे सुलभ केले. तथापि तयार डीव्हीआर व दूरस्थ साठवण यांत नोंदीवरील मालकाचे नियंत्रण क्षीण झाले.

तीन, सिंगल बोर्ड संगणकावरील रेकॉर्डरचे महत्त्व त्याच्या किमतीपेक्षा त्याच्या पारदर्शकतेत आहे. त्यातील प्रत्येक भाग व प्रत्येक नियम मालकाला ठाऊक असू शकतो आणि म्हणून तो त्या नोंदीबद्दल न्यायालयात व गावात उत्तर देऊ शकतो.

चार, हे उत्तर ग्राह्य ठरण्यासाठी अचूक घड्याळ, अखंड वीज, हॅश मूल्याची नोंद आणि कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेपाची मर्यादा या चार गोष्टी आवश्यक आहेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंना खर्च थोडा व उरलेल्या दोहोंना काहीच लागत नाही.

परिसरातील महाविद्यालये व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी अशा यंत्राची जुळणी प्रात्यक्षिक म्हणून घेतल्यास विद्यार्थ्यांना संगणक, वीज, कायदा व नागरिकशास्त्र हे विषय एकाच वेळी हाताळता येतील. रास्पबेरी पाय मुळात शिक्षणासाठी निर्माण झाला होता. त्याचा सर्वांत योग्य उपयोगही तोच ठरेल. जागल्या माग सोडून घरी गेला तर त्याला गाव जाब विचारी. यंत्राला जाब विचारता येत नाही. तो त्याच्या मालकालाच द्यावा लागतो. ही जाणीव ठेवून उभे केलेले यंत्रच राखणीच्या परंपरेचे खरे वारस ठरेल.